सलाम, सिस्टरबाई! : टोपलीतली खडी

उपकारस्तुतीबद्दल, म्हणजे देवाचे उपकार आठवून त्याची स्तुती करण्याबद्दल, कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा, असं मी गेल्या अंकात सहज म्हटलं होतं. एकोणीस पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतलीत, बाकीच्यांना पोस्टकार्ड टाकीन. मी काही शास्त्री नाही. बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स आहे आणि पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको होते. त्यामुळे उपदेश पुष्कळ ऐकलेत, पण निम्मे स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्या मोजता मोजता. उत्तरं त्याच बेताची असतील.

आमचे हे जेवायच्या आधी मोठ्ठा आशीर्वाद मागतात. पावसाबद्दल, शेतकऱ्याबद्दल, धान्याबद्दल देवाला धन्यवाद देतात. त्या अन्नासाठी मी पहाटे पाचपासून राबलेली असते, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. छत्तीस वर्षांत ‘भाजी बरी झाली’ एवढंसुद्धा नाही. मीठ कमी पडलं की मात्र लगेच कळतं. विचारलं तर म्हणतात, घरच्या माणसांचे कसले आभार? — एक वाचक, पिंपरी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. माफ करा, पण मिठाचं वाचून मला माझंच घर आठवलं.

तुमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे आधी कबूल करते. आपल्यात घरच्या घरी आभार मानायची पद्धत नाही. आईने ताट वाढल्यावर ‘थँक्यू’ म्हटलं तर ती विचारील, ‘का रे, परका झालास का?’ आभार या शब्दातच भार आहे. तो सभा संपताना खुर्च्या आवरायची घाई झालेल्या सेक्रेटरीलाच शोभतो. आणि ‘उपकार’ची तर त्याहून पंचाईत! ‘मोठे उपकार केलेस’ हे वाक्य सरळ अर्थाने आपण शेवटचं कधी ऐकलं? तरी आपल्या ख्रिस्ती मराठीने नेमका तोच शब्द उचलला, त्याला स्तुती जोडली आणि देवाच्या पुढ्यात नेऊन ठेवला. देवापुढे म्हणताना त्याचा काटा निघून जातो, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

पण ‘कृतज्ञ’ शब्दाची फोड करून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आता ‘कृतघ्न’ घ्या. घ्न म्हणजे मारणारा, ‘शत्रुघ्न’मधला. केलेलं मारून टाकणारा तो कृतघ्न. थँक्यू म्हणा किंवा म्हणू नका, शब्द तिकडे बघतच नाही. तो एवढंच विचारतो की केलेलं तुला ठाऊक आहे का. पहाटे पाचला ओट्यापाशी काय चालतं हे तुमच्या ह्यांना ठाऊकच नाही, हा खरा रोग. मिठाची तक्रार हे नुसतं लक्षण.

बायबलमध्ये लूकच्या सतराव्या अध्यायात येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी घ्या. बरे झाल्यावर एकटा शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका माणूस, परत आला आणि नऊ जण गेले ते गेलेच. आपण त्या नवांना उगाच वाईट ठरवतो. ते कुठे गुत्त्यावर चालले होते? येशूने सांगितल्याप्रमाणे याजकाकडेच निघाले होते, अगदी नियमाने! तुमचे हे त्या नवांतले आहेत. धर्माचं सगळं बरोबर, फक्त मागे वळून ज्याच्यामुळे झालं त्याच्यापर्यंत चालत यायचं राहिलं. शोमरोनी देवाचं गौरव मोठ्याने करत आला आणि पायाही पडला. दोन्ही एकाच दमात केलं त्याने.

औषध सांगते. प्रार्थना छोटी करायला सांगू नका, रुसतील. ती तुम्ही सांगा. आठवड्यातून तीन दिवस आशीर्वाद तुम्ही मागायचा आणि त्यात नावं घ्यायची. ‘हे अन्न तयार करणाऱ्या हातांना आशीर्वाद दे’ असलं गुळगुळीत वाक्य नको, हातांना नाव असतं. ‘आज मेथी निवडायला सूनबाई बसली, गॅस संपला तेव्हा ह्यांनी सिलिंडर ओढत आत आणला, कणीक मी मळली,’ असं म्हणायचं. त्यांचंही नाव आलं की कान टवकारतील. शिवाय एक आठवडा पहाटे पाचचा गजर त्यांच्या उशाला लावा. त्यांना करू काही देऊ नका, नुसतं ओट्याशेजारी स्टुलावर बसवा.

मी २७ वर्षांची, आयटीत आहे. सहा महिने मोबाइलच्या ॲपमध्ये रोज रात्री तीन गोष्टी लिहिते, ज्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पहिले पंधरा दिवस छान वाटलं. आता रोज तेच : आई, नोकरी, चहा. प्रार्थनेलाही बसते, पण मन भरून येत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? — हिंजवडी

बाळ, मन भरून यायची वाट बघू नकोस. पेशंटला भूक नाही म्हणून आम्ही पेज थांबवत नाही. दोन दोन चमचे देत राहतो, भूक मागून येते.

पण तुझ्या यादीबद्दल बोलायचंय. आई, नोकरी, चहा हे मथळे झाले, खाली बातमीच नाही. आईने आज काय केलं?

सर्जिकल वॉर्डात माझी पहिली रात्रपाळी होती. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या उशाशी पाच-सहा नातेवाईक जीव मुठीत धरून बसलेले. दर तासाला डॉक्टर येऊन एकच विचारायचे, ‘वारा सरला का?’ पोट उघडलं की आतडी काही काळ झोपल्यासारखी होतात. गॅस सुटला म्हणजे ती जागी झाली, मग पाणी देता येतं. पहाटे साडेतीनला आजोबांना वारा सरला. चांगला आवाजासकट! आणि आजोबांची म्हातारी उठून हात जोडून उभी राहिली, ‘देवा, तुझे लई उपकार.’ मी तेव्हा एकवीस वर्षांची, तोंडात पदर कोंबून हसले. पण नंतर इतक्या उपकारस्तुतीच्या सभा झाल्या, इतक्या सुरेल प्रार्थना ऐकल्या, त्यांतली एकही मला शब्दाला शब्द आठवत नाही. आजोबांच्या बायकोची आठवते. तिला नेमकं माहीत होतं, ती कशाबद्दल बोलतेय.

माझ्याकडे ॲप नाही, कालनिर्णय आहे. स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याची सुट्टी, सगळं त्या चौकटीत. त्यातच रोजची एक नोंद. चौकट इवलीशी, सण नि तिथी छापून उरलेल्या जागेत चार शब्द मावतात, त्यामुळे आपोआप नेमकं लिहावं लागतं. परवाचीच बघ : ‘रिक्षावाला सुटे १० द्यायला परत आला.’ त्याच्या आदल्या दिवशी : ‘गुडघा. जिना न थांबता.’ त्याच्या आधी : ‘दूध नासलं.’ हो, तेही लिहिते. देवाला काय फक्त चांगलं-चुंगलं वाचायची सवय आहे? मग रात्री दिवा घालवायच्या आधी ती चौकट त्याला वाचून दाखवते, मोठ्याने. शेजारणीला वाटतं मी फोनवर बोलतेय.

आणि हे मोठ्याने वाचून दाखवणं सोडू नकोस. तुझ्या ॲपमधलं ‘चहा’ कुणासाठी लिहिलेलं आहे? पेटीत पत्र टाकलंस, पाकिटावर पत्ता नाही. ते जाणार कुठे?

आणखी एक. माझ्याबरोबर रात्रपाळीला एक कॅथलिक सिस्टर असायच्या, माझ्यासारख्या पगारी नव्हे, धर्मभगिनी, खऱ्या सिस्टर. पहाटेचं तापमान घेऊन झालं की त्या पाच मिनिटं खिडकीशी उभ्या राहायच्या. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाची झडती घ्यायची रीत घालून दिली आहे, ती त्यांनी मला शिकवली. दिवस उलगडून बघायचा, काय चुकलं ते शोधायचं, क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. पण त्याची पहिली पायरी आभाराची, चुकांचा हिशेब मागाहून. आम्ही प्रॉटेस्टंट माणसं आधी पापांची कबुली द्यायला धावतो, म्हणून मला हा क्रम उलटा वाटला होता. सिस्टर म्हणाल्या, ‘आधी दिवा लाव, मग केर दिसेल.’

तू तीन गोष्टी लिहू नकोस, एकच लिही. पण अशी, जी काल घडली नव्हती.

पुढच्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण आहे. काढणीला आलेली बाजरी पावसात उभ्या उभ्या गेली, कणसालाच कोंब फुटले. कांद्याचं रोपही सडलं. पंचनामा झाला. दरवर्षी आम्ही बाजरीची पेंढी नि कोंबडी नेतो. यंदा काय आणू? आणि तोंडाने कोणतं गाणं म्हणू? — नेवासे तालुका

भाऊ, कोंब आलेलं कणीस मी पाहिलंय. लांबून हिरवंगार दिसतं, म्हणून जास्तच जिवाला लागतं. रिकाम्या हाताने गेलात तरी देव दारातून परत पाठवणार नाही, हे पहिलं. पण तुम्ही ‘जाऊ का’ असं विचारलं नाहीत, ‘काय आणू’ विचारलंत. म्हणून एक जुनी हकिकत सांगते.

१९७२ चा दुष्काळ. मी तेरा वर्षांची. आमचं गाव नगर जिल्ह्यातलंच, तुमच्यापासून फार लांब नाही. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचो. रेशनला लाल मिलो यायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना अडकायची. शाळेत सुकडी. गाव सगळं दुष्काळी कामावर. बापू, म्हणजे माझे वडील, एरवी पाच एकराचे मालक, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. संध्याकाळी आई त्यांच्या तळहातांना गोडेतेल लावायची. तेलही मोजून, करंगळीच्या टोकावर येईल एवढंच.

अशात हंगामाचा सण आला. हंगाम कसला? पण पाळकांनी सण धरला. मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दरवर्षी पुढे चौथऱ्यावर भोपळे, कणसांच्या पेंढ्या, गुळाची ढेप, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असायच्या. कोंबड्या नेमक्या प्रार्थनेच्या वेळी ओरडायच्या आणि आम्ही पोरं त्याचीच वाट बघायचो. भक्ती संपली की अंगणात लिलाव. एकच अंडं चार वेळा विकलं जायचं, कारण घेणारा ते परत दान करायचा. त्या वर्षी चौथऱ्यावर दोन अंडी, थोडी लिंबं आणि कुणीतरी वाटीभर मिलो ठेवलेली. एवढंच.

आणि मग बापू उठले. डोक्यावर टोपली, वर आईचं धुतलेलं लुगड्याचं फडकं. पुढे गेले, टोपली ठेवली, फडकं काढलं. आत खडी. स्वतः फोडलेली, एकसारखी, रस्त्याला घालतात ती.

मंदिरात चिडीचूप. आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाळक जरा गोंधळले, मग त्यांनी अंड्यांवर हात ठेवला तसाच त्या खडीवरही ठेवून प्रार्थना केली. लिलावाला शाळेचे मास्तर उभे. त्यांनी सगळं विकलं आणि शेवटी टोपली उचलून म्हणाले, ‘आता ही... ही काय म्हणू?’ मागून कुणीतरी चार आणे बोली लावली. एकवार, दोनवार, तीनवार. ती खडी मंदिराच्या पायरीपुढे टाकली. पुढे पाऊस झाला तेव्हा तिथे चिखल झाला नाही.

आता खरं सांगायचं तर बापूंनी ते उपकार म्हणून नेलं की देवाला टोमणा म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी आल्यावर आईने विचारलं तर एवढंच म्हणाले, ‘यंदा हेच पिकलं.’ मी नर्स झाले, पाळकाच्या घरात पडले, त्यांनाही ही हकिकत सांगितली. त्यांनी मला बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय काढून दिला.

आपण उपकारस्तुतीला हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तकच वाचतो, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी आनंद करीन, ते. सुंदर आहे, पण ऐकायला सोपं नि म्हणायला अवघड. अनुवादातला माणूस तुमच्यासारखा आहे. तो पहिलं पीक टोपलीत घेऊन याजकापुढे येतो आणि त्याने तिथे काय बोलायचं तेही ठरवून दिलेलं आहे. पीक किती चांगलं आलं, हे बोलायचंच नाही. त्याने आजोबा-पणजोबांपासून सांगायचं : माझा पूर्वज भटक्या होता, मिसर देशात परका होऊन राहिला, तिथे आम्हाला छळलं, राबवलं, आम्ही ओरडलो, देवाने ऐकलं, आणि मग हे पीक. उपकारस्तुतीच्या मधोमध गुलामगिरी बसलेली आहे. तिला वगळून स्तुती पुरीच होत नाही.

म्हणून यंदा तुम्ही कोंब फुटलेलं कणीसच घेऊन या. पेंढी बांधायला झालं नाही तर एकच. गाणं म्हणवत असेल ते म्हणा. नसेल म्हणवत तर उभं राहून, ‘आमच्या रानात यंदा हे झालं,’ एवढं मंडळीला सांगा आणि खाली बसा. पाळकांनी हरकत घेतली तर हा अंक दाखवा.

त्याच अध्यायात पुढे असंही आहे की त्या दिवशी घरच्यांबरोबर लेव्यानेही आनंद करायचा आणि परक्यानेही, म्हणजे ज्यांना वाटणीत जमीन नाही त्यांनी. हे तुमच्यासाठी लिहीत नाही, तुमच्या कमिटीसाठी लिहितेय. वाचून दाखवा त्यांना. यंदाच्या लिलावाचे पैसे मंदिराच्या रंगकामाला लावू नका म्हणावं, रंग अजून एक पावसाळा निघेल. ते बियाण्याला द्या. नाव न घेता, पाकिटात.

२०२१ च्या मे महिन्यात माझा मुलगा करोनात गेला. २९ वर्षांचा होता. आमच्या प्रार्थना-संगतीतल्या बहिणी म्हणतात, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं वचन आहे, तुम्ही मुलाच्या जाण्याबद्दलही धन्यवाद द्या, मग शांती मिळेल. मी प्रयत्न केला. शब्द तोंडातून निघत नाहीत. हा अविश्वास आहे का? — जालना

नाही. हा अविश्वास नाही. आणि ते शब्द काढूही नका.

बाई, व्याकरणाचा तास घेते, रागावू नका. वचन प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं आहे, पाचवा अध्याय, अठरावी ओळ. ‘सर्व स्थितीत’ असं आहे. ‘त’, सप्तमी विभक्ती. ‘घरात’, ‘पावसात’, ‘अंधारात’ म्हणतो तशी. आपण कुठे आहोत ते सांगणारी. ‘सर्व स्थितीबद्दल’ असं तिथे नाही. पौलाच्या ग्रीकमध्येही ‘मध्ये’ याच अर्थाचं अव्यय आहे, हे मला आमच्या पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं होतं. पुरात सापडलेला माणूस पुरातून हाक मारतो, पुराबद्दल नाही. एका अक्षराचा फरक, पण तुमच्या बहिणींनी त्या अक्षरावरून तुमच्या छातीवर धोंडा ठेवलाय.

मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्यांनी तुम्हाला नक्की ऐकवला असेल, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. तिथेच पुस्तक मिटलं असणार. तिसऱ्यात ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, तो कुणी वाचत नाही. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या समजूतदार मित्रांवर, आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही कधी वाचून बघा. बाकीच्या बहुतेक रडगाण्यांना शेवटी जरा उजेड असतो, याला नाही. अंधारावरच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रातच ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

मेलेला मित्र लाजार, त्याच्या कबरेपाशी येशू बापाचे, म्हणजे देवाचे, उपकार मानतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर. पण त्याआधी तो रडतो. योहानाने क्रम जपून लिहिलाय.

पंडिता रमाबाईंचं घ्या. दुष्काळाने घर उद्ध्वस्त केलेलं, १८७४ च्या सुमाराला आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, तेव्हा पोटची मुलगी वर्षाचीही नव्हती. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेने मरायला टेकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आली, केडगावात त्यांना घर दिलं. दुष्काळाबद्दल धन्यवाद देत बसली नाही. धान्य वाढलं.

आता माझं सांगते. आमचे पाळकसाहेब, माझे यजमान, २०१३ मध्ये गेले, माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात. लहान पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, कुणाच्याही शिरा मी अंधारात बोटाने चाचपून शोधायची. लांबून मला बोलवायला यायचे. त्या रात्री त्यांची शीर मला सापडेना. दुसरीने लावली सुई.

त्यानंतर चौदा महिने मी मंदिरात गायले नाही. जायची, रविवार चुकवला नाही, गाण्याचं पुस्तक उघडून उभी राहायची. ओठ शिवल्यासारखे. उपकारस्तुतीचं गाणं लागलं की पानावरची अक्षरं नुसती बघायची. शेजारी एक म्हातारी उभी असे, सुराशी तिचं जन्माचं वाकडं. ती माझ्या कानाशी भसाड्या आवाजात असं काही ओरडून गायची की मला राग यायचा. एकदा पुस्तक मिटताना म्हणाली, ‘तुझ्या वाटचं मी म्हणते ना बाई. तू नुसती उभी राहा.’

तुमच्या संगतीत अशी कुणी आहे का, बघा. नसेल तर ती संगत काही दिवस सोडा, प्रभूला सोडू नका.

मघाशी कालनिर्णयाचं लिहिलं ना. त्या वर्षीच्या कालनिर्णयात मेपर्यंत ह्यांचं अक्षर आहे : ‘दूध १ लि.’ जूनपासून माझं : ‘अर्धा.’ पुढच्या चौकटीत ‘अर्धा’. त्याच्या पुढच्या, ‘अर्धा’. महिनेच्या महिने दुसरं काही नाही, तीच माझी प्रार्थना होती, मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टात एका चौकटीत ‘अर्धा’च्या खाली लिहिलंय : ‘प्राजक्त, ओंजळभर.’ कुणी दिला, कुठून आणला, आता काहीच आठवत नाही.

तुमच्या मुलाबद्दल कधीतरी मला लिहा. त्याच्या जाण्याबद्दल नको, त्याच्याबद्दल. तो काय खायचा, कशावर चिडायचा. छापणार नाही, मला वाचायचंय.

मी आठवीत आहे. मित्राच्या घरी जेवायला जातो तेव्हा डोळे मिटून प्रार्थना करायला लाज वाटते. ते हिंदू आहेत. न करता जेवलं तर पाप लागतं का? — बारामती

नाही लागत रे. डोळे उघडे ठेवून मनात म्हण, देवाला ऐकू येतं. पण मित्राच्या आजीला विचारून बघ, त्यांच्याकडेही बहुतेक जेवणाआधी श्लोक म्हणत असतील. मग तुझं तू म्हण, त्यांचं ते म्हणतील. फक्त वरण गार होईपर्यंत लांबवू नकोस, आणि उठताना ताट उचलून मोरीत नेऊन ठेव. काकूंना सांग की आमटी आवडली. आवडली असली तरच.